बॅटरी सारखी उतरते? बदलण्याआधी मोजा: मोटरसायकलचं चार्जिंग घरच्या घरी तपासण्याची पद्धत

गाडी सेल्फ घेईना झाली की पहिला खर्च होतो तो नव्या बॅटरीचा. दुकानदार जुनी ठेवून घेतो, नवी बसवतो, गाडी एका झटक्यात सुरू होते आणि आपण निर्धास्त होतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, ‘आर.आर. युनिट गेलं असणार.’ तेही (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा) बदललं जातं. त्यानेही भागलं नाही की इंजिनचं कव्हर उघडून कॉइल प्लेट, म्हणजे वीज तयार करणारा भाग. एवढं सगळं झाल्यावर कधीकधी सापडतं ते सीटखालचं एक जळकं कपलर (वायर जोडणारा प्लॅस्टिकचा जोड), जे शंभर-दोनशे रुपयांत नीट झालं असतं.

यात मेकॅनिकचीच चूक असते असं नाही. गर्दीच्या गॅरेजमध्ये अंदाजाने पार्ट बदलणं मोजत बसण्यापेक्षा लवकर होतं. पण गाडी आपली आहे आणि पैसेही आपलेच. चार्जिंगचा बिघाड डोळ्यांना दिसत नसला तरी आकड्यांत स्वच्छ दिसतो. ते आकडे घ्यायला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा लागत नाही, एक साधा मल्टिमीटर आणि सुट्टीची एक सकाळ पुरते. फक्त क्रम सोडायचा नाही. आधी बॅटरी, मग चालू गाडीचं व्होल्टेज, मग जोड आणि वायर, मग कॉइल, आणि शेवटी आर.आर.

यंत्रणा चालते कशी

इंजिनच्या डाव्या किंवा उजव्या कव्हरच्या आत क्रँकवर एक जड वाटी फिरत असते. तिच्या आतल्या कडेला कायमचे चुंबक बसवलेले असतात. गॅरेजमध्ये तिला नुसतं ‘मॅग्नेट’ म्हणतात. या वाटीच्या पोटात, न फिरता, तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांची चकती असते. ती कॉइल प्लेट, म्हणजेच स्टेटर. मॅग्नेट फिरलं की कॉइलमध्ये वीज तयार होते, पण ती एसी असते आणि रेस वाढेल तशी वाढत जाते. बॅटरीला हवी डीसी, तीही मर्यादेत. हे काम रेग्युलेटर-रेक्टिफायर करतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला तो डबा म्हणजे आर.आर. युनिट. आतले डायोड एसीची डीसी करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास रोखून धरतो. बहुतेक स्वस्त आणि मध्यम गाड्यांत तो जादा वीज कॉइलकडेच शॉर्ट करून परतवतो. त्यामुळे तो तापतो आणि कॉइलही तापते. त्याला पट्ट्या असतात, वारा लागेल अशा जागी बसवतात, ते याचसाठी.

आर.आर.मधून निघालेली वीज फ्यूजमधून बॅटरीला जाते आणि वाटेत हेडलाइट, पेट्रोल इंजेक्शनचा पंप, इंडिकेटर, हॉर्न सगळे आपापला वाटा घेतात. १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही. ३५ वॅटचा बल्ब म्हणजे जवळपास अडीच अँपिअर, ५५ वॅटचा म्हणजे चार. सिग्नलला गाडी आयडलिंगवर उभी असते तेव्हा कॉइल इतकंही जेमतेम देते. रोज दोन किलोमीटर ऑफिस आणि दोन किलोमीटर परत, दर वेळी सेल्फ, अशी गाडी वापरणाऱ्याची बॅटरी काहीही बिघाड नसताना उतरू शकते. पार्ट बदलण्याआधी आपला वापर असा आहे का, हे मनाशी तपासा. असेल तर महिन्यातून एकदा चार्जर लावणं किंवा आठवड्याला एक लांबची फेरी हाच उपाय.

एक सूचना आधीच देतो. अलीकडच्या काही स्कूटर आणि बाइकमध्ये वेगळी स्टार्टर मोटर नसते. तीच कॉइल सेल्फचं काम करते आणि तीच चार्जिंगचं. अशी गाडी सेल्फ मारल्यावर दातऱ्यांचा ‘खर्र’ आवाज न करता गुपचूप सुरू होते. तिच्यात बॅटरी आणि चालू व्होल्टेज मोजायला हरकत नाही, पण कॉइल आणि आर.आर.च्या खाली दिलेल्या चाचण्या तिला लावू नका. तिचा कंट्रोलर महाग असतो आणि तिची तपासणी कंपनीच्या स्कॅनरवरच होते.

काय लागेल

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डीटी-८३०डी नावाचा पिवळा डिजिटल मल्टिमीटर मिळतो, दोन-चारशे रुपयांत. या कामाला तो पुरतो. त्याच्या गोल चकतीवर चार जागा ओळखून ठेवा: डीसी व्होल्टची २०, एसी व्होल्टची २००, ओहमची २०० आणि डायोडची खूण. काळी वायर कायम ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात. लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात. तिसरं भोक १० अँपिअरचं, त्याचं काम अगदी शेवटी आहे. लाल वायर तिथे राहिली आणि तुम्ही बॅटरीची दोन टोकं मोजायला गेलात तर मीटरमधून बॅटरी सरळ शॉर्ट होते, ठिणगी उडते आणि मीटर जातो. म्हणून प्रत्येक मोजणीआधी लाल वायर कुठे आहे ते बघायची सवय लावून घ्या.

शिवाय १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पेट्रोलियम जेली, आणि गाडीचं मॅन्युअल मिळालं तर उत्तमच. वायरचे रंग कंपनीगणिक बदलतात.

बॅटरीत गंधकाम्ल असतं आणि चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन निघू शकतो. जवळ सिगारेट, उदबत्ती, ठिणगी काही नको. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. बंद पार्किंगमध्ये किंवा गाळ्यात शटर लावून गाडी चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ हा जुना प्रयोग इंजेक्शनच्या गाडीवर कधीही करू नका. बॅटरी नसली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) उडू शकतो.

पहिली पायरी: लक्षणं नीट ऐका

मीटर लावण्याआधी दोन मिनिटं गाडी काय सांगते ते ऐका. सेल्फ दाबल्यावर ‘कट कट कट’ आवाज आणि मीटर कन्सोलचे दिवे मंद होणं म्हणजे बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल सैल आहे. हॉर्न चिरका वाजणं, इंडिकेटर नेहमीपेक्षा सावकाश लुकलुकणं, हीसुद्धा कमी व्होल्टेजचीच खूण. याच्या उलट, हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडणं, सीटखालून सडक्या अंड्यासारखा वास येणं, बॅटरीचं पोट फुगणं, पाण्याच्या बॅटरीत दर पंधरवड्याला पाणी कमी होणं, ही सगळी जादा चार्जिंगची लक्षणं आहेत. अशा वेळी संशय थेट आर.आर.वर किंवा त्याच्या अर्थिंगवर जातो आणि ती गाडी तपासणी होईपर्यंत चालवू नये हे बरं.

तिसरा प्रकार फसवा. दिवसभर गाडी उत्तम चालते, रात्री उभी केली, सकाळी बॅटरी गार. यात चार्जिंग ठीक असण्याची शक्यता बरीच आहे आणि वीज कुठेतरी गळते आहे. त्याकडे पुढे येऊ.

दुसरी पायरी: बॅटरी, तीही निवांत असताना

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी न लावता, मीटर डीसी २० वर ठेवून लाल टोक पॉझिटिव्हला आणि काळं निगेटिव्हला लावा. नुकतीच गाडी चालवून आलात तर आकडा खोटा फुगलेला दिसतो, म्हणून मध्ये चार-पाच तास जाऊ द्या.

१२.७ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ च्या आसपास म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. त्यामुळे चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकला तर एक सेल मेला, ती बॅटरी आता सुधारणार नाही. लिथियम बॅटरीला हे आकडे लागू नाहीत, तिचं निवांत व्होल्टेज तेरापेक्षा वर असतं.

बॅटरी उतरलेली निघाली तर इथेच थांबा आणि ती आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. हा मुद्दा मी जीव तोडून सांगतो, कारण अर्ध्या रिकाम्या बॅटरीवर पुढच्या सगळ्या चाचण्या खोटं बोलतात. भुकेली बॅटरी सगळा करंट ओढून घेते, चालू व्होल्टेज वर चढतच नाही आणि तुम्ही चांगल्या आर.आर.ला दोष देता. चार्जिंग सावकाश करा: ५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, दहाएक तास. कारचा मोठा चार्जर लावून तासाभरात भरण्याच्या घाईत छोटी बॅटरी तापते आणि बिघडते. पाण्याची बॅटरी असेल तर आधी पातळी बघा. वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये पाणी हवं, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड नाही, आरओचं पाणीही नाही.

भरून, काही तास विश्रांती देऊन पुन्हा मोजा. आता टोकं बॅटरीवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. त्या दोन सेकंदांत आकडा कुठपर्यंत घसरतो ते बघायचं. दहाच्या वर राहिला तर बॅटरी जोमदार आहे. साडेनऊच्या खाली गेला तर निवांत असताना १२.७ दाखवणारी बॅटरीसुद्धा आतून संपलेली असू शकते. खात्री करायची तर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टर असतो, तिथे मिनिटभरात कळतं. आपल्याकडच्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये तीन-चार वर्षं झालेली बॅटरी गेली तर त्यात नवल नाही, तिचं वय आधी बघा. वर तारीख कोरलेली असते.

तिसरी पायरी: गाडी चालू करून व्होल्टेज

चार्जिंग होतं की नाही याचा निकाल याच मोजणीत लागतो. बॅटरी भरलेली, इंजिन गरम, गाडी न्यूट्रलमध्ये मेन स्टँडवर. मीटर डीसी २० वरच, टोकं बॅटरीवर.

आयडलिंगला आकडा निवांत आकड्यापेक्षा थोडा तरी वर हवा. मग रेस हळूहळू वाढवा. चार-पाच हजार आरपीएमला आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जाऊन स्थिरावला पाहिजे, काही गाड्यांत १४.८ पर्यंत. मग हाय बीम, ब्रेक लाइट, इंडिकेटर लावून परत बघा. थोडा खाली येईल, पण तेरा सोडू नये. आरपीएमचा काटा नसेल तर आवाजावरून: गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने जाताना जसा आवाज करते, तेवढी रेस पुरे.

इथून तीन वाटा फुटतात.

आकडा योग्य जागी स्थिरावला तर चार्जिंग ठीक आहे. कॉइल आणि आर.आर.ला हात लावू नका. बॅटरीचं वय, रात्रीची गळती किंवा तुमचा छोट्या फेऱ्यांचा वापर, यांतलं काहीतरी कारण आहे.

आकडा पंधराच्या वर गेला तर जादा चार्जिंग. आर.आर. गेलेला असू शकतो. पण काही गाड्यांत आर.आर.ला व्होल्टेज ‘वाचण्यासाठी’ वेगळी बारीक वायर येते. तिचा जोड गंजला की आर.आर.ला वाटतं बॅटरी कमी आहे, आणि तो ढकलतच राहतो. त्यामुळे तो जोड आणि अर्थिंग आधी साफ करा.

रेस वाढवूनही आकडा साडेबाराच्या आसपासच राहिला, किंवा हळूहळू उतरायला लागला, तर चार्जिंग होत नाही. हीच सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आणि पुढच्या पायऱ्या तिच्याचसाठी आहेत.

चौथी पायरी: फ्यूज, टर्मिनल, कपलर

नवशिक्यांना ही पायरी कंटाळवाणी वाटते. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथेच.

आधी बॅटरीची टर्मिनलं. पांढरी-हिरवट पूड दिसली तर निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढून पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. निगेटिव्ह वायर पुढे चासीला किंवा इंजिनला जिथे बोल्टने जोडलेली असते तो बोल्टही उघडा. रंगावर बसवलेला किंवा गंजलेला अर्थ हा बिघाड मोठमोठ्या लोकांना फसवतो.

मग मुख्य फ्यूज. नुसता वरून बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका, काढून बघा. फ्यूजची पट्टी शाबूत असते, पण धारकाचं प्लॅस्टिक एका बाजूने पिवळं पडून वितळलेलं असतं. तिथे पकड सैल होऊन उष्णता झालेली असते.

आता मुख्य गोष्ट. कॉइल प्लेटकडून येणाऱ्या वायर इंजिन कव्हरमधून बाहेर पडून आर.आर.कडे जातात. बऱ्याच गाड्यांत त्या एकाच रंगाच्या तीन असतात, बहुतेक वेळा पिवळ्या. या तीन वायरींचं कपलर शोधा आणि सोडवा. चांगल्या कपलरच्या आतल्या पट्ट्या चकचकीत पितळी दिसतात. बिघडलेल्याची तीनपैकी एक खाच तपकिरी झालेली असते, प्लॅस्टिक त्या बाजूला किंचित फुगलेलं, आणि वायरचं आवरण इंचभर अंतरापर्यंत कडक, नखाने दाबलं तर तडकणारं. नाकाजवळ नेलं तर जळक्या बेकेलाइटचा वास अजून येतो. सुरुवात होते ती पट्टीची पकड जराशी सैल होण्याने. सैल जोडात अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता, उष्णतेने पट्टी आणखी सैल. काही महिन्यांत एक फेज (तीनपैकी एका वायरीची वाट) पूर्ण तुटतो आणि चार्जिंग अर्धवट होऊन जातं. आयडलिंगला कमी पडतं, हायवेला कसंबसं चालतं, म्हणून निदान लांबत जातं.

रत्नागिरीला राहणाऱ्या माझ्या मामेभावाच्या गाडीत हेच निघालं. पावसाळाभर चिखल आणि पाणी कपलरमध्ये जात होतं आणि तांब्यावर हिरवी बुरशी धरली होती. तोवर दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. जळका भाग कापून नवीन पाणीरोधक कपलर बसवलं, वायर क्रिम्प करून (दाबून बसवून) वरून हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवली, आणि पाच हजार आरपीएमला आकडा १४.२ वर जाऊन थांबला. कोकणात, घाटात किंवा प्रेशर पंपाने वरचेवर गाडी धुणाऱ्यांनी हे कपलर दर पावसाळ्यानंतर उघडून बघावंच. आणि गाडी अंगणात उभी राहत असेल तर वायरिंगवर उंदरांचे दातही शोधा.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर मीटरने जोड पकडता येतो. इंजिन चालू, थोडी रेस, मीटर डीसी २० वर. लाल टोक आर.आर.च्या पॉझिटिव्ह आउटपुट वायरवर (कपलरच्या मागून बारीक टाचणी घालून), काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन्हीकडे पॉझिटिव्हच, गोंधळू नका. मीटर जो आकडा दाखवतो तेवढं व्होल्टेज वाटेत वाया जातंय. ०.२-०.३ पर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर त्या वाटेवर कुठेतरी गंज, सैल फ्यूज किंवा तुटकी वायर आहे. अशीच मोजणी आर.आर.च्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत करा. मला ही चाचणी सगळ्यांत आवडते, कारण एकही पार्ट न काढता ती अख्ख्या वायरिंगची हकीकत सांगते.

पाचवी पायरी: कॉइल प्लेट

वायरिंग स्वच्छ, तरीही चार्जिंग नाही. आता इंजिन बंद करून त्या तीन वायरींचं कपलर सोडवा आणि कॉइलकडच्या बाजूला मोजा. आर.आर.कडची बाजू सोडून द्या.

मीटर ओहम २०० वर. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून आकडा बघा. मीटरच्या वायरींचाच ०.३-०.५ ओहम निघतो, तो वजा करायचा. मग पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा जोड्या मोजा. प्रत्येकीला एक ओहमच्या आतबाहेर, आणि महत्त्वाचं म्हणजे तिन्ही सारखे. एका जोडीत डाव्या कडेला नुसता १ दिसला (काही मीटरवर ‘ओएल’) तर आत तार तुटली आहे.

मग एक टोक वायरला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. तीन वायरींच्या कॉइलमध्ये इथे काहीही आकडा येता कामा नये. आला, तर तारेचं आवरण जळून ती लोखंडाला लागली आहे आणि कॉइल बदलावी लागेल. लहान कम्यूटर गाड्यांत, विशेषतः जुन्या, एक-दोन वायरींची साधी कॉइल असते आणि तिचं एक टोक मुद्दामच बॉडीला जोडलेलं असतं. तिथे हा आकडा येणारच. त्यावरून कॉइल गेली असं ठरवू नका, मॅन्युअलमधला ओहम बघून तुलना करा.

ओहम ठीक असले तरी समाधान मानू नका, कारण गार कॉइल चांगली दिसते आणि गरम झाल्यावर शॉर्ट होते. म्हणून खरी परीक्षा एसी व्होल्टेजची. कपलर सुटलेलंच, मीटर एसी २०० वर, टोकं दोन वायरींत खोचून हात बाजूला घ्या आणि इंजिन चालू करा. टोकं एकमेकांना किंवा बॉडीला लागू देऊ नका, वाढत्या रेसला इथे साठ-सत्तर व्होल्ट येतात. आयडलिंगला पंधरा-वीसच्या आसपास, आणि रेसबरोबर सरळ चढत पाच हजारला पन्नास ते सत्तर. गाडीगणिक आकडा वेगळा असतो, पण तिन्ही जोड्या जवळपास समान हव्यात. एक जोडी ६२, दुसरी ६१ आणि तिसरी २३ असं आलं की कॉइलचा निकाल लागला. इंजिन चांगलं तापल्यावर हीच मोजणी पुन्हा करा. आर.आर. सुटलेला असताना गाडी नुसत्या बॅटरीवर चालते, म्हणून हे काम काही मिनिटांत आटपा.

जळलेली कॉइल उघडल्यावर ओळखायला वेळ लागत नाही. चांगल्या गुंडाळ्या तांबूस किंवा मधाच्या रंगाच्या, जळलेल्या कोळशासारख्या काळ्या, वार्निश सोललेलं. ऑइलमध्ये बुडालेल्या कॉइलच्या गाड्यांत ऑइललाही जळका वास येतो. हे काम मात्र मेकॅनिकला द्या. काही गाड्यांत आधी ऑइल काढावं लागतं, पॅकिंग नवं लागतं, आणि मॅग्नेट काढायचं असेल तर पुलर हवा. शहरात रिवाइंडिंग करून देणारे असतात आणि ते स्वस्त पडतं, पण तापाला टिकणारी तार आणि वार्निश वापरतात का, हे विचारून मगच द्या.

सहावी पायरी: आर.आर. युनिट

बॅटरी भरलेली, जोड साफ, एसी तिन्हीकडे सारखं, आणि तरीही डीसी चढत नाही. मग उरतो आर.आर. अशा प्रकारे बाकीचे सगळे वगळून त्याच्यापर्यंत पोचणं हीच त्याची सर्वांत भरवशाची चाचणी आहे.

डायोड मोडवर अंदाज घेता येतो. आर.आर. गाडीपासून पूर्ण सोडवा. लाल टोक एका पिवळ्या वायरला, काळं टोक त्याच्या पॉझिटिव्ह आउटपुटला: मीटर ४५० ते ६०० च्या आसपास दाखवेल. टोकं उलटी केली की काहीच नाही. तिन्ही पिवळ्यांना असंच. मग लाल टोक आर.आर.च्या निगेटिव्ह वायरला आणि काळं प्रत्येक पिवळीला, पुन्हा तसाच आकडा. कुठेही दोन्ही दिशांना शून्याजवळ आकडा आला तर आतला डायोड शॉर्ट आहे. मात्र नव्या गाड्यांतल्या मॉस्फेट प्रकारच्या आर.आर.वर ही चाचणी उलटसुलट आकडे देते, तिथे वगळत येण्याचीच पद्धत बरी.

शॉर्ट झालेला आर.आर. चांगल्या कॉइललाही जाळू शकतो आणि जळकी कॉइल नव्या आर.आर.ला त्रास देते. म्हणून एक बदलताना दुसऱ्याची मोजणी झालेली असलीच पाहिजे. नवा बसवताना मागची जागा घासून घ्या, उष्णता चासीत उतरली पाहिजे. आणि त्याच्यासमोर लगेज बॅग, मडफ्लॅप असं काही येऊन वारा अडत असेल तर ते हलवा.

रात्रीतून उतरणारी बॅटरी

चालू व्होल्टेज उत्तम, तरी सकाळी बॅटरी रिकामी असेल तर गळती मोजा. चावी बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आता लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, चकती १० अँपिअरवर, आणि मीटर बॅटरीचं निगेटिव्ह व काढलेली वायर यांच्या मध्ये. या स्थितीत चावी फिरवू नका आणि सेल्फला तर हातच लावू नका. आकडा जवळपास शून्य आला की मग लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात आणि चकती मिलीअँपिअरच्या जागेवर नेऊन बारीक मोजा.

घड्याळ आणि ईसीयूच्या मेमरीसाठी काही मिलीअँपिअर जाणारच. वीस-तीसच्या वर गेलं की काहीतरी चुकतंय. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, पाचची बॅटरी चार दिवसांत साफ. मीटर तसाच ठेवून एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा पडतो त्या वाटेवर चोर आहे. बहुतेक वेळा तो बाहेरून बसवलेला असतो: जीपीएस ट्रॅकर, सेंट्रल लॉकचा अलार्म, थेट बॅटरीला जोडलेला मोबाइल चार्जर. मोजून झाल्यावर लाल वायर व्होल्टच्या भोकात आणि चकती व्होल्टवर आहे ना, ते बघा.

फॉग लॅम्पबद्दलही इथेच. २० वॅटचे दोन म्हणजे ४० वॅट, जवळपास तीन अँपिअर. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची कॉइल एवढा जादा भार उचलण्यासाठी बनवलेली नसते. फॉग लॅम्प लावून पाच हजारला तेराच्या खाली आकडा येत असेल तर बिघाड गाडीत नाही, भारात आहे.

मेकॅनिककडे जाताना

‘दादा, चार्जिंग बघा जरा’ एवढंच म्हणालात तर पुन्हा अंदाजाने सुरुवात होईल. त्याऐवजी सांगा: ‘दादा, बॅटरी चार्ज करून आणलीय, सकाळी १२.७ होती. पाच हजारला १२.५ च्या वर जात नाही. कपलर साफ केलंय. एसी दोन जोड्यांत साठ आणि एकीत वीस येतंय.’ चांगला मेकॅनिक हे ऐकून सरळ कॉइल प्लेटचं कव्हर उघडेल, आणि जुना पार्ट मागितलात तर तो दाखवेलही.

काम झाल्यावर गॅरेजमध्येच बॅटरीवर मीटर लावून पाच हजारचा आकडा बघूनच पैसे द्या. निवांत, सेल्फ मारताना, आयडलिंग आणि पाच हजार, हे चार आकडे तारखेसह कागदावर लिहून सीटखाली चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करायला तुमच्याच गाडीचे आकडे हाताशी असतील. आठवडाभराने पुन्हा मोजा, आणि अर्धा तास गाडी चालवून आल्यावर इंजिन बंद करून ते तीन वायरींचं कपलर बोटांनी चाचपून बघा. कोमट लागलं तर ठीक. बोट ठेवता येत नसेल तर तो जोड पुन्हा उघडून नव्याने बसवून घ्या.